लातूरला मी बसून मेलो

१९८२ साल. लातूरचा जिल्हा झाला तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. लोकांनी कमानी उभ्या केल्या, पेढे वाटले, साहेबांना हार घातले. त्याच वर्षी मी नट झालो. त्याचा पेढा कोणी वाटला नाही. मीही वाट बघत बसलो नाही.

आता माझ्याकडं माणसं येतात. बँकेतून सुटलेली, मास्तरकीतून सुटलेली. विचारतात, अप्पा, या वयात नटाचा धंदा कसा धरायचा. जणू मी शेळीपालनाची माहिती द्यायला बसलोय. घरात पेन्शन येतं, वेळ जात नाही, आरशात बघितलं की चेहरा बरा दिसतो, म्हणून यांना नट व्हायचं. मी त्यांना चहा पाजतो आणि वाटेला लावतो. नाटकांत, मग सिनेमांत मी इतके म्हातारे केले की खरा म्हातारा कधी झालो ते कळलंच नाही. पण पहिला पगार पक्का कसा झाला ते कोणाला सांगितलं नव्हतं. ते लिहितो. चहाचा खर्च तरी वाचेल.

माझं शिक्षण तिसरी, तेही उर्दूत. निजामाचं राज्य होतं. मी शाळा सोडली, नंतर निजामानंही गादी सोडली, आणि मी शिकलेलं कोणाच्या कामाचं राहिलं नाही. मराठी अक्षरं मी दुकानांच्या पाट्यांवरून उचलली. त्यामुळं लिखाण हे असं आहे. ज्याला शुद्ध पाहिजे त्यानं पुण्याहून मागवावं.

मी लातूरच्या आडत बाजारात मापाडी होतो. पोत्याचा काटा करायचा आणि वजन ओरडून पुकारायचं, म्हणजे लिहिणारा मुनीम सावलीत बसून लिहील. पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. मी लाभ म्हणालो की बाजाराच्या त्या टोकाचा बैल मान वर करायचा. असा आवाज देवानं मला दिला होता आणि मी तो हरभऱ्यावर खर्च करून राहिलो होतो. वर्षातून एकदा गणपतीत बाजारातली माणसं नाटक बसवायची, त्यात मी राजा व्हायचो. बाकीचे दिवस पोती.

जिल्हा झाल्याच्या एका सभेत साहेब बोलायला उभे राहिले आणि लाउडस्पीकर बंद पडला. साहेबांचे ओठ हलत होते, शब्द पहिल्या खुर्चीच्या पुढं जात नव्हते. बाया जायला उठल्या. मी मागून ओरडलो, खाली बसा, साहेब काय म्हणतात ते मी सांगतो. आणि सांगितलं. साहेब एक वाक्य बोलायचे, मी ते पुकारायचो. त्यांच्यापेक्षा बरं बोललो असणार, कारण टाळ्या माझ्या वाक्यांना पडत होत्या. साहेबांना वाटलं, आपल्याच आहेत.

तो मंडप नांदेडच्या एका माणसानं घातला होता. त्याची नाटक कंपनीही होती. एक ट्रक, एक कनात, थोडी माणसं. माहूरची जत्रा, हिमायतनगर, चाकूर, जिथं माणसं जमतील तिथं खेळ लावायचा. त्याच्या नाटकात बापाचं काम करणारा नट सोडून गेला होता. सभा संपल्यावर तो माझ्याजवळ आला, तंबाखू मळत म्हणाला की लातूरच्या खेळापर्यंत येऊन बघा. तिथं तुमच्या पब्लिकसमोर काम जमलं तर महिन्याच्या पगारावर घेतो, न्हाई जमलं तर तुम्ही तुमच्या काट्यावर, मी माझ्या ट्रकवर.

काट्यावर परत जायची सोय मी ठेवलीच नाही. बाजारातली माझी पाळी दुसऱ्या दिवशीच दुसऱ्याला दिली. दोन दगडांवर पाय ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत. बायकोनं विचारलं, पगार न्हाई झाला तर काय करणार. मी म्हणालो, होईल. ती म्हणाली, आन न्हाई झाला तर. मी जेवून उठलो.

माझा थोरला भाऊ, त्याला सगळे अण्णा म्हणायचे, त्याचं कापडाचं दुकान होतं. गादीवर बसून बसून त्याचं पोट आणि अक्कल दोन्ही एकाच जागी गोळा झालेली. त्यानं चारचौघांत सांगितलं की आमच्या घरात सोंगाड्या निपजला. निपजला म्हणे. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस काय काल निपजतो.

नांदेडला तालीम सुरू झाली. दिग्दर्शक नावाचा प्राणी मी तिथं पहिल्यांदा बघितला. मोठ्या शहरातल्या शाळेत नाटक शिकून आलेला, खांद्याला झोळी, बोलताना डोळे मिटायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, काका, झाड व्हा. मी विचारलं, बाभळ होऊ का लिंब होऊ. तो म्हणाला, कुठलंही. मी म्हणालो, कुठलंही असं झाड आमच्याकडं उगवत न्हाई. त्यानं डोळे मिटले. त्या दिवसापासून मला त्यानं झाड केलं नाही.

नाटक साधं होतं. एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरची गोष्ट. पहिल्या अंकात बाप सगळ्यांवर ओरडतो. दुसऱ्यात पोरं वाटण्या मागतात आणि बाप छाती धरून कोसळतो. तिसऱ्यात बाप तिरडीवर मेलेला पडलाय आणि पोरं त्याच्या उशापायथ्याशी उभी राहून भांडतात. शेवटी तिरडी उचलतात आणि पडदा. मला वाचता येत नव्हतं असं नाही, पण वाचून संपेपर्यंत नाटक जुनं झालं असतं, म्हणून माझी वाक्यं मी ऐकून पाठ केली. ओरडणं अवघड नव्हतं. कोसळणंही जमलं. अवघड होती ती तिरडी.

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, हातात त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग देऊन त्याला मांडी घालून बसवतात. बसवलेलाच नेतात आणि खड्ड्यात बसवूनच माती देतात. तिरडी आमच्या दारात येत नाही. आणि इथं मला, गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत ठेवून, एक अख्खा अंक तिच्यावर पडून राहायचं होतं.

मी पडलो. नांदेडला मला कोण ओळखत होतं. माहूरला पडलो, हिमायतनगरला पडलो. दर वेळी दात आवळून पडलो. नाटकात माझ्या बायकोचं काम करणारी बाई पूर्वी तमाशात होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. एकदा माझ्या अंगावर पडून रडताना ती हळूच म्हणाली, "अप्पा, मेल्यावरबी छाती फुगवून पडता. मेलेल्याला कसला आलाय तोरा." मी मेलेला होतो म्हणून गप्प राहिलो.

मग लातूरचा खेळ आला. नव्या जिल्ह्याच्या साहेब लोकांना पुढच्या खुर्च्या. त्यांना जागरण सोसत नाही म्हणून खेळ दिवस मावळतानाच लावलेला. मी आदल्या दिवशी घरी आलो तर तिरडीची बातमी माझ्या आधी पोचली होती. बायकोनं एवढंच विचारलं की खरं हाय का. मी हाव म्हणालो. तिनं ताट वाढलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

अण्णा मात्र बोलायला स्वतः आला. माझ्या घरी तो कधी यायचा नाही, ओटा बारीक पडायचा त्याला. उभ्या उभ्याच म्हणाला, "जित्तेपणी तिरडीवर पडलास तर मेल्यावर तुझा खड्डा उकरायला आपल्यातलं एक माणूस येणार न्हाई. मी येऊ देणार न्हाई."

मी म्हणालो, "मेल्यावर मला दिसणार हाय का कोण आलं ते."

तो गेला. पुढं बऱ्याच वर्षांनी तो खरंच गेला, तेव्हा त्याच्या खड्ड्यात मी बोलावल्याशिवाय जाऊन माती टाकली. पण ते राहू द्या.

अण्णानं खड्ड्याचं नाव काढायला नको होतं. आमच्या बापाचा खड्डा त्याला काय माहीत. बाप गेला बाहत्तरच्या दुष्काळात, दुसऱ्या उन्हाळ्यात. लोक खडी फोडायच्या कामावर आणि जमीन खडीपेक्षा कडक. सकाळी खड्डा उकरायला गेलेली माणसं दुपारी परत आली. पहार मारली की उसळून अंगावर येत होती. शेवटी खडीच्या कामावरून माणसं बोलवावी लागली. आणि अण्णा कुठं होता, तर बाहेर लिंबाच्या सावलीत, आलेल्या माणसांना दुःख सांगत.

घरात बाप आणि मी. बापाला भिंतीला टेकून बसवलेलं. मान सारखी पुढं पडायची म्हणून पांढरं फडकं कपाळावरून घेऊन मागं खुंटीला बांधलेलं. मी समोर बसलो, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. दुसरं काम नव्हतं म्हणून बघत बसलो. खांदे कसे आधी खाली उतरतात. मग पोट. हात मांडीवर ठेवलेले असतात, पण ते ठेवलेले वाटत नाहीत, विसरलेले वाटतात. चेहरा असा की समोरचा काहीतरी चुकीचं बोलतोय आणि याला ते दुरुस्त करायची गरज उरली नाही. माणूस मेल्यावर कसा दिसतो हे त्या झोळीवाल्याला कुठल्या शाळेत शिकवणार होते.

लातूरच्या खेळाला सगळा बाजार आलेला. हमाल, मुनीम, आडते, आणि मागं आमच्या गल्लीतल्या बाया. बायकोही त्यांच्यात होती, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या रांगेत अण्णा पांढरी टोपी घालून, जणू नाटकाचा नव्हे माझाच निकाल लावायला आलेला. पहिल्या अंकात मी ओरडलो तेव्हा पुढच्या खुर्चीत पेंगणारा एक साहेब दचकून उठला. दुसऱ्यात मी कोसळलो आणि हमालांच्या बाजूनं कोणीतरी खरंच धावत यायला निघालं. काम जमलं होतं. कंपनीचा मालक विंगेत मान हलवत होता. पगार आता माझ्यापासून एका अंकावर होता, आणि त्या अंकात मला काहीच करायचं नव्हतं, फक्त आडवं पडायचं.

पडदा पडला. पोरांनी तिरडी आणून मधोमध ठेवली. मी तिच्याकडं बघितलं. अण्णाला भिऊन काही केलं असं कोणी म्हणेल तर त्यानं हे पान फाडावं. मला तेव्हा अण्णा आठवलाही नाही. मला एवढंच वाटलं, या माझ्या माणसांसमोर मी दात आवळून खोटं का मरू, मला खरं मरता येतं. मी तिरडी पायानं बाजूला सारली. घराच्या देखाव्यात दाराची चौकट होती, तिला टेकून मांडी घातली, उपरणं कपाळावरून घेऊन मागच्या खिळ्याला अडकवलं, आणि खांदे सोडले. आधी खांदे, मग पोट.

तमाशातली ती बाई धावत आली. म्हणाली, अप्पा, येडे झालात काय. मग माझ्याकडं नीट बघितलं आणि पदर डोक्यावर घेऊन आपल्या जागेवर गेली. दिग्दर्शक लायटीचं बघायला समोर लोकांत गेलेला. पडदा वर गेला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग मागून एका बाईनं हंबरडा फोडला, आमच्याकडं मातीला फोडतात तसा. तिच्यामागं दुसरीनं. आमची माणसं उठून उभी राहिली, काहींनी चपला काढल्या. सगळे उभे राहिलेले बघून साहेब लोकही उठले, राष्ट्रगीत लागल्यावर उठतात तसे. मी मेलेला होतो, तरी मला सगळं कळत होतं. आयुष्यात एवढा मोठा कधी झालो नव्हतो.

पण नाटक संपलेलं नव्हतं. ती भांडणारी पोरं आत आली. त्यांना उशापायथ्याशी उभं राहायचं होतं, पण उसं कुठं आणि पायथा कुठं. एक माझ्या गुडघ्याशी उभा राहिला, दुसरा रिकाम्या तिरडीपाशी. भांडले कसेबसे. मग शेवटचं वाक्य आलं, थोरला पोरगा म्हणतो की चला, बाबांना खांदा द्या. चौघं गडबडले. मला कसं उचलायचं त्यांना ठाऊक नव्हतं, आणि शिकवलं तेवढंच करायची सवय. त्यांनी रिकामी तिरडी खांद्यावर घेतली आणि निघाले. मी तिथंच, चौकटीला. मढं घरात आणि अंत्ययात्रा बाहेर.

हमालांनी पहिला हसायचा आवाज काढला. मग बाजार हसला. मग साहेब हसले, तेही इकडंतिकडं बघून. मघाशी हंबरडा फोडणाऱ्या बायाही हसल्या. मी डोळे उघडले नाहीत. तेवढ्यात बाई माझ्यासमोर येऊन बसली, माझ्या गुडघ्यावर कपाळ टेकून खरंच रडल्यासारखी रडली, तेव्हा थोडं हसणं थांबलं आणि कोणीतरी पडदा सोडला.

दिग्दर्शक आत आला तो डोळे मिटूनच. शब्द सापडत नव्हते त्याला. एवढं शिकून शब्द सापडत नसतील तर शिकावं कशाला. त्याचं मला काही वाटलं नाही. बाई उपरण्याची गाठ खिळ्यातून सोडवत होती. तिनं ती सोडवली, उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "तुमचा बाप लई चांगला मेला, अप्पा. मला रडू आलं ते खरं आलं. पण नाटकातला बाप कुठं गेला? त्याला तुम्ही मरूच दिलं न्हाई."

मी तोंडाचा रंग पुसायला घेतला. 

मालक नंतर आला. तो रागावलेला नव्हता, ते जास्त वाईट. तंबाखू मळत म्हणाला की उद्या चाकूरला खेळ हाय. सकाळी ट्रक निघतो. आडवं पडणारा बाप असंल तर ट्रकवर बसवा, पगार आजपासून धरतो. बसणारा असंल तर त्याला लातूरलाच बसू द्या.

मी अजून तोंड पुसत होतो तर कनात बाजूला करून अण्णा आत आला. डोळे ओले. पोटासकट वाकून त्यानं माझा हात धरला. "आपल्या माणसासारखा मेलास," तो म्हणाला. "मी बोललो ते लागलं म्हणायचं तुला." आणि मागं उभ्या असलेल्या चार माणसांना सांगितलं की बघा, रक्तात असतं, सांगितलं की ऐकतो. मग म्हणाला, झालं एवढं पुरं, उद्यापासून दुकानात येऊन बस, कापड दाखवायला आवाज लागत न्हाई पण तुला शिकवीन.

हसणाऱ्या हमालांचं मला वाईट वाटलं नव्हतं. या शाबासकीचं वाटलं. ज्या कामात मी माझा बाप ठेवला ते त्यानं स्वतःच्या दुकानातला माल समजून उचललं. मी हात सोडवून घेतला आणि घरी आलो. वाटेत माझ्या डोक्यात बाईचं बोलणं होतं. त्या नाटकातल्या शेतकऱ्याला कोणी विचारलं होतं का, की बाबा, तुला बसून मरायचंय का. तो आडवा पडणाराच माणूस. मी त्याच्याकडून पहिले दोन अंक घेतले आणि तिसऱ्यात त्याला हाकलून स्वतःच्या बापाला आणून बसवलं. हे मला त्या बाईनं सांगावं लागलं, याचा राग मला आजपर्यंत आहे.

बायको जागी होती. मी आत आल्यावर म्हणाली, मामंजी अगदी तसेच बसले होते. मग म्हणाली, "उद्या काय करणार?" मी म्हणालो, "पडणार." ती म्हणाली, "मग पडा. पण अण्णाच्या दुकानात बसू नका." अठ्ठेचाळीस वर्षांत घरातलं कोणी माझ्या बाजूनं बोललं ते हे एकदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, लिंगपूजा केली, विभूती लावली आणि ट्रकवर गेलो. मालक पुढं केबिनमध्ये बसलेला. मी त्याला हाव म्हणालो, त्यानं मान हलवली, झालं. मागं कनातीच्या वळकट्या रचलेल्या आणि सगळ्यात वर तिरडी. मी ड्रायव्हरला म्हणालो, चाकूरचा रस्ता नंतर, आधी कापडबाजारातून घे. बाजार नुकता उघडत होता. अण्णा दुकानाच्या पायरीवर उभा राहून उदबत्ती ओवाळत होता. दुकान दहा पावलांवर आलं तेव्हा मी वर चढलो, तिरडीवर आडवा झालो, हातपाय सरळ केले आणि खांदे सोडले. छाती फुगवली नाही. ट्रक हळू चालला होता. अण्णानं हाक मारली, एकदा, मग परत एकदा. मी त्याच्याकडं बघितलं नाही. मेलेला माणूस बघत नाही.